इंग्रजी बोलण्याआधी नीट ऐका: गावाकडच्या विद्यार्थ्यांनी या चुका टाळाव्यात

बारावी किंवा बीए झालेली मुलंमुली इंग्रजीसाठी भेटायला येतात, तेव्हा त्यांची मागणी ठरलेली असते: "सर, तेवढं ग्रामर पक्कं करून द्या." दारव्हा, रिसोड, चिमूर, आर्वी, विदर्भातला कुठलाही तालुका घ्या, मागणी हीच. बाराही काळांचे तक्ते त्यांना पाठ असतात. पण मुलाखतीचा सराव सुरू केला की अडचण वेगळ्याच जागी दिसते. प्रश्न अर्धा झाला की उत्तर सुरू होतं, आणि ते भलत्याच प्रश्नाचं असतं. व्याकरणाची चूक त्याच्याही नंतर येते, आणि तोवर समोरच्या माणसाचं मत बनून गेलेलं असतं.

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज कॉलेजात असलेल्या मुलामुलींनी हा विषय बारा वर्षं वाचला, लिहिला, परीक्षेत सोडवला. ऐकला मात्र फारच थोडा. धडा वाचायचा, ओळीओळीचा मराठीत अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं उतरवून घ्यायची, अशी बऱ्याच वर्गांची पद्धत असते. पोरांचा कानच तयार होत नाही. म्हणून मी चुकांची सुरुवात कानापासून करतो आणि व्याकरणाकडे नंतर वळतो.

समजलं नाही तरी "यस सर" म्हणणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे आणि तिचं मूळ चांगल्या संस्कारात आहे. मोठ्या माणसाला परत विचारणं म्हणजे उलट बोलणं, असं आपल्याकडे लहानपणापासून मनात बसलेलं असतं. सर बोलले की मान हलवायची. बँकेतले साहेब बोलले की मान हलवायची. डॉक्टरांनी गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं, अर्धं कळलं, तरी मान हलवायची आणि बाहेर येऊन मेडिकलवाल्याला विचारायचं. हीच सवय मुलाखतीत जाते. पुण्याहून किंवा नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या एखाद्या कंपनीतून फोन येतो, पलीकडची बाई भराभरा इंग्रजी बोलते, आपला पोरगा चार वेळा "यस मॅम, यस मॅम" म्हणतो आणि फोन ठेवल्यावर त्याला पत्ता माहीत नसतो, तारीख माहीत नसते.

परत विचारणं हा अपमान नाही. तुम्ही लक्ष देऊन ऐकताय, असाच त्याचा अर्थ समोरचा घेतो. फक्त "व्हॉट?" किंवा "हां?" म्हणू नका, ते खरंच उद्धट वाटतं. नुसतं "पार्डन" म्हणूनही भागत नाही, कारण मग पलीकडचा माणूस तेच वाक्य त्याच वेगात पुन्हा म्हणतो. कुठवर कळलं आणि कुठे सुटलं ते सांगा: "सॉरी मॅम, आय गॉट द डेट, बट आय डिड नॉट गेट द ॲड्रेस. कुड यू प्लीज से इट स्लोली?" एवढं एक वाक्य मोठ्याने म्हणून म्हणून तोंडात बसवून टाका. माझ्या मते पहिल्या महिन्यात दुसरं काही शिकला नाहीत तरी चालेल, पण हे वाक्य यायला हवं.

आकडे आणि वेळ ऐकताना होणारा घोळ

"फिफ्टीन" आणि "फिफ्टी" फोनवर जवळजवळ सारखेच ऐकू येतात. तेरा-तीस, चौदा-चाळीस, सोळा-साठ, सगळ्यांचं तेच. फरक असतो जोराचा. "फिफ्टीन" म्हणताना शेवटचं "टीन" लांबतं आणि जोर तिथे पडतो. "फिफ्टी"त जोर पहिल्याच अक्षरावर पडून शेवट आखूड होतो. खात्री नसली तर अंक सुटे करून विचारा: "वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?" पगाराचा आकडा असो की गावाहून निघायचं भाडं, हा फरक साधा नाही.

वेळेचंही तसंच. "क्वार्टर टू इलेव्हन" म्हणजे पावणेअकरा. ऐकणाऱ्याला "क्वार्टर" आणि "इलेव्हन" हे दोनच शब्द पकडता येतात, मधला "टू" निसटतो, आणि तो सव्वाअकरा समजून अर्धा तास उशिरा पोचतो. त्यात आपल्याकडे एसटीचा भरवसा वेगळाच. म्हणून फोन ठेवण्याआधी तारीख, वार, वेळ आणि जागा आपल्या तोंडाने परत म्हणायची: "सो, इट्स फ्रायडे, टेन फॉर्टी-फाइव्ह, राइट?" पलीकडून "राइट" आलं की मगच फोन ठेवायचा.

नकारार्थी प्रश्नाला "यस" म्हणणं

ही चूक क्लासमध्ये कोणी फारशी शिकवत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. मराठीत कोणी विचारलं, "तुला अनुभव नाही का?" तर आपण म्हणतो, "हो, नाही." आपलं "हो" समोरच्याच्या बोलण्याला असतं: तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे "यस" आणि "नो" प्रत्यक्ष परिस्थितीबद्दल असतात. "डोन्ट यू हॅव एनी एक्सपीरियन्स?" या प्रश्नाला अनुभव नसेल तर "नो, आय डोन्ट" आणि असेल तर "यस, आय डू". आपला उमेदवार "यस सर" म्हणतो. मग मुलाखत घेणारा विचारतो, "व्हेअर डिड यू वर्क?" आणि पोरगा गांगरून जातो, कारण आपण तर नाही म्हटलं होतं, असं त्याला वाटत असतं. पलीकडच्याला मात्र हा खोटं बोलतोय की काय, अशी शंका येते. व्याकरणाची एकही चूक न होता मुलाखत बिघडते.

उपाय सोपा आहे. नुसतं "यस" किंवा "नो" म्हणून थांबायचं नाही. पुढे वाक्य जोडायचं: "नो सर, आय डोन्ट हॅव एक्सपीरियन्स, बट आय हॅव डन अ कम्प्युटर कोर्स." वाक्य जोडलं की आधीचा शब्द चुकला तरी अर्थ सावरला जातो.

याचाच भाऊ म्हणजे "वुड यू माइंड वेटिंग आउटसाइड?" याचा शब्दशः अर्थ, बाहेर थांबायला तुमची हरकत आहे का? त्यावर आदराने "यस सर" म्हणाल तर "हो, हरकत आहे" असं होईल. इथे "नो सर, नॉट ॲट ऑल" म्हणायचं आणि बाहेर जाऊन बसायचं.

ऐकताना मनात आपलंच उत्तर जुळवत बसणं

इंग्रजी घडीभर बाजूला ठेवू. नीट न ऐकण्याची सवय आपल्या बोलीतही असते, आणि ती मोडायची तर आधी बोलीतच मोडावी लागते. तालुक्याच्या अभ्यासिकेत रोज होणारं हे बोलणं बघा:

"यंदा कॉलेज सोडून देतो म्हणतो."

"काहून बे? पैशाचं टेन्शन हाय काय? स्कॉलरशिपचा फॉर्म भर ना. माह्या मामाच्या पोरानं भरला, त्याले भेटली..."

पुढची दहा मिनिटं स्कॉलरशिपवर जातात. सांगणारा गप्प बसतो. त्याची अडचण पैशाची नव्हतीच. प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं आणि त्याच्या गावाची शेवटची एसटी पाच वाजता निघते. हे सांगायला तो आला होता, पण सांगायची वेळच आली नाही. मित्र वाईट नव्हता, मदतच करत होता. फक्त पहिलं वाक्य ऐकून त्याने पुढचं सगळं स्वतःच ठरवून टाकलं.

तेच बोलणं असं झालं असतं: "सोडून देतो म्हणतो? काय झालं, सांग बरं." मग थोडं थांबायचं. तो बोलला की म्हणायचं, "मंजे तुले शिकाचं हाय, पण गाडी भेटून नाही राहिली, असंच ना?" तो "हो" म्हणाला की मग उपायाचं बोलायचं: प्रॅक्टिकलची बॅच बदलून मागता येईल का, सरांशी कोण बोलेल.

या पद्धतीला "ॲक्टिव्ह लिसनिंग" हे नाव अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये दिलं. रॉजर्स यांनी त्याआधीच एक नियम सुचवला होता. दोघांचा वाद चालू असताना, समोरचा काय म्हणाला ते आपल्या शब्दांत त्याला पटेल असं सांगितल्याशिवाय आपलं म्हणणं मांडायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा, पहिल्याच दिवशी कळेल की आपण किती कमी ऐकतो. अभ्यासिकेत जोड्या करा. एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने मधे एक शब्दही न बोलता ऐकायचं आणि मग "तू असं म्हणाला" म्हणून परत सांगायचं. बोलणारा "बरोबर" म्हणेपर्यंत सांगत राहायचं. पहिले आठ-पंधरा दिवस हे वऱ्हाडीतच करा, लाजायचं काही कारण नाही. मग विषय तेच ठेवून इंग्रजीत करा.

ऐकण्याच्या बाबतीत आपल्या भागाला मोठा वारसा आहे, हेही सांगायला हवं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तन करायचे ते अस्सल वऱ्हाडीत, आणि लोकांना प्रश्न विचारत विचारत. बाबा प्रश्न टाकायचे, समोरचा जमाव उत्तर द्यायचा, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा. लोकांचं उत्तर कान देऊन ऐकल्याशिवाय असं कीर्तन होऊच शकत नाही. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस हजारोंच्या सभेशी असा संवाद करत होता. आपल्या बोलीची लाज वाटणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

एकट्याने सराव करायचा असेल तर आकाशवाणीचं इंग्रजी बातमीपत्र घ्या. दोनच मिनिटं ऐका, बंद करा आणि काय कळलं ते मराठीत मोठ्याने सांगा. मग तेच परत ऐका. यूट्यूबवर ऐकत असाल तर वेग ०.७५ करा, पण खालची अक्षरं बंद ठेवा. अक्षरं चालू असली की आपण वाचतो आणि ऐकलं असं समजतो.

"आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" आणि "आय ॲम नोइंग हिम"

आता व्याकरण. प्रत्येक वाक्यात "आय एन जी" लावण्याची सवय आपल्याकडे फार आहे. "आय ॲम गोइंग टू कॉलेज एव्हरी डे", "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स", "आय ॲम नोइंग हिम". यावर वहीतला तक्ता चालत नाही, कारण बोलताना तक्ता आठवायला वेळ नसतो. पण विदर्भातल्या मुलांकडे यासाठी घरचीच कसोटी आहे, जी पुण्याच्या मुलांकडे नाही.

आपण म्हणतो, "मी रोज कॉलेजात जातो" आणि "मी आता कॉलेजात जाऊन राहिलो". यात आपण कधीच गोंधळत नाही. रोजच्या गोष्टीला "जातो", आत्ता चाललेल्या गोष्टीला "जाऊन राहिलो". बस, इंग्रजीतही फरक तोच. जिथे "जाऊन राहिलो" येईल तिथे "आय ॲम गोइंग", जिथे "जातो" येईल तिथे "आय गो". म्हणून "आय गो टू कॉलेज एव्हरी डे".

आता हीच कसोटी "हॅविंग"ला लावा. "मले दोन भाऊ आहेत" असं आपण म्हणतो. "मले दोन भाऊ असून राहिले" असं कोणी म्हणतं का? नाही. मग इंग्रजीतही नाही: "आय हॅव टू ब्रदर्स". "मी त्याले ओयखतो" म्हणतो, "ओयखून राहिलो" म्हणत नाही, म्हणून "आय नो हिम".

ही कसोटी एका ठिकाणी फसते, ते पाठच करून ठेवा. समजणं, ऐकू येणं, दिसणं. वऱ्हाडीत आपण बिनदिक्कत म्हणतो, "मले समजून नाही राहिलं", "आवाज येऊन नाही राहिला", "फळा दिसून नाही राहिला". म्हणून तोंडात येतं "आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग", "आय ॲम नॉट हिअरिंग". इंग्रजीत म्हणायचं "आय डोन्ट अंडरस्टँड", "आय कान्ट हिअर यू", "आय कान्ट सी द बोर्ड". फोनवरच्या मुलाखतीत "आय कान्ट हिअर यू" हमखास लागतं.

आई बरोबर येते, बाबा चुकतात

वह्या तपासताना एक गंमतीची गोष्ट दिसते. "माय मदर गोज टू द फील्ड" हे वाक्य मुलं बरोबर लिहितात आणि खालच्याच ओळीत "माय फादर गो टू द फील्ड" लिहितात. "अवर सर टीच वेल", "माय ग्रँडफादर आर ओल्ड". कारण समजून घ्या म्हणजे चूक जाईल. प्रमाण मराठीत आईला आपण एकेरी म्हणतो: आई जाते. बाबांना, सरांना, आजोबांना आदराने अनेकवचनी म्हणतो: बाबा जातात, सर शिकवतात, आजोबा म्हातारे आहेत. तो आदर क्रियापदात असतो आणि मुलं तो इंग्रजीत घेऊन जातात. इंग्रजीत क्रियापद माणसं मोजतं. बाबा एकच, म्हणून "माय फादर गोज". सर एकच, म्हणून "सर टीचेस". आदर दाखवायचा तर "सर" आणि "मॅम" हे शब्द आहेत, आवाज आहे.

यासाठी नियम घोकण्यापेक्षा घरातल्या एकेका माणसावर रोज एक वाक्य करा. आजोबा किती वाजता उठतात, काका काय पेरतात, बाबा बाजाराला कधी जातात. तोंडाला वळण पडलं की "एस" आपोआप येतो.

"पासून" म्हटलं की "सिन्स"

"आय ॲम लर्निंग कम्प्युटर सिन्स टू इयर्स." यात दोन चुका एकत्र आहेत. मराठीत "दोन वर्षांपासून" आणि "२०२२ पासून" दोन्हीकडे "पासून" चालतं. इंग्रजीत किती काळ ते सांगायचं तर "फॉर" आणि कधी सुरू झालं ते सांगायचं तर "सिन्स". "फॉर टू इयर्स", "सिन्स २०२२". दुसरी चूक क्रियापदाची. मराठीत वर्तमानकाळ चालतो, "दोन वर्षांपासून शिकतो आहे". इंग्रजीत मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला "हॅव बीन" लागतं: "आय हॅव बीन लर्निंग कम्प्युटर फॉर टू इयर्स."

उलट, संपलेल्या गोष्टीची तारीख सांगितली की "हॅव" नको. "आय हॅव कम्प्लिटेड माय बीए इन २०२३" हे बायोडाटात पदोपदी दिसतं. साल आलं की साधा भूतकाळ: "आय कम्प्लिटेड माय बीए इन २०२३."

लहान चुका, पटकन दुरुस्त होणाऱ्या

"डिड" आलं की क्रियापद मूळ रूपात: "डिड यू गो?", "आय डिड नॉट गो". "डिड यू वेंट" नाही. प्रश्न विचारताना मराठीत शब्दांची जागा बदलत नाही, इंग्रजीत बदलते: "व्हेअर यू आर गोइंग?" नको, "व्हेअर आर यू गोइंग?" हवं. पण तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की शब्द परत सरळ होतात: "आय डोन्ट नो व्हेअर ही इज."

"आय ॲम ॲग्री" नाही, "आय ॲग्री". "डिस्कस अबाउट" नाही, नुसतं "डिस्कस". "गो टू होम" नाही, "गो होम". "क्लोज द फॅन" नाही, "स्विच ऑफ द फॅन". "वन ऑफ माय फ्रेंड" नाही, "फ्रेंड्स", कारण अनेकांतला एक आहे.

धंदा किंवा नोकरी सांगताना "अ" विसरू नका: "माय फादर इज अ फार्मर". "अ" की "ॲन" हे लिहिलेल्या अक्षरावर नाही, कानाला येणाऱ्या आवाजावर ठरतं. म्हणून "ॲन आवर" पण "अ युनिव्हर्सिटी", "ॲन एमएससी स्टुडंट" पण "अ बीएससी स्टुडंट".

एवढ्या चुकांनी कोणाची नोकरी जात नाही. दर आठवड्याला एक धरा आणि सोडवा. आणि बाराच्या बारा काळांच्या मागे लागू नका. रोजचं, आत्ताचं, होऊन गेलेलं, नुकतंच केलेलं आणि पुढे करायचं, एवढ्या पाच रूपांवर मुलाखतीतलं बहुतेक बोलणं निभतं.

पाठ केलेली ओळख

"मायसेल्फ अमुक तमुक, आय बिलाँग टू यवतमाळ डिस्ट्रिक्ट, माय हॉबीज आर रीडिंग बुक्स अँड लिसनिंग म्युझिक, माय स्ट्रेंग्थ इज हार्डवर्क." हे इतक्या वेगात म्हटलं जातं की मधे श्वासही घेतला जात नाही. मुलाखत घेणाऱ्याने सकाळपासून हेच वीस जणांकडून ऐकलेलं असतं. शिवाय तो पुढचा प्रश्न याच ओळखीतून काढतो. "रीडिंग" म्हटलं की "व्हॉट आर यू रीडिंग नाऊ?" येणारच, आणि तिथे गाडी थांबते.

सुरुवात "आय ॲम" किंवा "माय नेम इज"ने करा. गाव सांगताना "आय ॲम फ्रॉम". मग तीन-चार खरी वाक्यं, ज्यांवर पुढे कितीही विचारलं तरी बोलता येईल अशी. "वी ग्रो कॉटन अँड तूर. आय हेल्प माय फादर ड्युरिंग द पिकिंग सीझन. आय कीप द अकाउंट्स ऑफ द पिकर्स." वेचणीचा हिशोब ठेवणं म्हणजे रोजची किलोची नोंद, मजुरीचा दर, आगाऊ दिलेले पैसे वजा करणं. हे काम आपली मुलंमुली शाळेपासून करतात आणि मुलाखतीत त्याचा एक शब्द काढत नाहीत. "हार्डवर्क" म्हणण्यापेक्षा हे सांगा. ऐकणारा पुढे झुकून विचारतो.

"९३ टक्के संवाद देहबोलीचा असतो" यावर विश्वास ठेवणं

पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या शिबिरात हा आकडा हमखास सांगितला जातो: शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के, चेहरा आणि देहबोली ५५ टक्के. मग मुलं हात कसे ठेवायचे, हस्तांदोलन किती घट्ट करायचं, याचाच सराव करत बसतात. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांवरून आले. त्या प्रयोगांचा विषय मर्यादित होता: माणूस सुटे शब्द बोलतो, आवाज किंवा चेहरा मात्र वेगळीच भावना दाखवतो, तेव्हा ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो. सगळ्या बोलण्याला हे आकडे लागू होत नाहीत, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेलं आहे. शब्द ७ टक्केच असते तर अनोळखी भाषेतलं भाषण आपल्याला जवळजवळ पूर्ण कळलं असतं.

देहबोलीचं एवढंच पुरे: सरळ बसा, बोलणाऱ्याकडे बघा, पाय हलवू नका. बाकी ताकद उत्तरावर लावा.

उच्चारांची भीती

इंग्रजी बोलायचं म्हणून काही मुलं नाकातून बोलू लागतात. त्याची गरज नाही. आपला हेल असू द्या. शाळेला "शाया" आणि फळ्याला "फया" म्हणणारी मुलं "स्कूल" आणि "बोर्ड" अगदी स्वच्छ म्हणतात. दोनच गोष्टी सांभाळा. एक, वेग कमी ठेवा. भीतीने बोलणं पळतं आणि शब्दांचे शेवट गळतात. "प्लेड"चा "ड" गळला की भूतकाळच गेला. दुसरी, शब्दावरचा जोर. "हॉटेल"मध्ये तो दुसऱ्या भागावर आहे, "फोटोग्राफ"मध्ये पहिल्यावर आणि "फोटोग्राफर"मध्ये दुसऱ्यावर. नवीन शब्द शिकताना मोबाइलच्या डिक्शनरीत स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवून एकदा ऐका, मग म्हणा. त्यानंतर आपला आवाज रेकॉर्ड करून लगेच ऐका. स्वतःचा आवाज पहिल्यांदा सगळ्यांनाच नकोसा वाटतो, थोड्या दिवसांनी सवय होते.

शब्द सुचला नाही की गप्प होणं

मुलाखतीत इंग्रजी शब्द आठवला नाही की मुलं छताकडे बघतात, "अं... अं..." करतात आणि वाक्य अर्धं सोडतात. त्यापेक्षा ती वस्तू काय काम करते ते सांगा. "वखर"ला इंग्रजीत काय म्हणतात ते येत नसेल तर म्हणा, "इट इज अ फार्म टूल. बुलॉक्स पुल इट. वी यूज इट टू लूझन द सॉइल अँड रिमूव्ह वीड्स." सणांचंही असंच. "सीतादही" कोणी विचारलं तर त्याला इंग्रजी शब्द शोधत बसू नका. "ऑन द फर्स्ट डे ऑफ कॉटन पिकिंग, वी ऑफर कर्ड अँड राइस इन द फील्ड. देन द पिकिंग बिगिन्स."

याचा सराव घरीच होतो. घरातल्या आणि वावरातल्या पाच वस्तू निवडा, ज्यांचे इंग्रजी शब्द येत नाहीत अशा: डवरा, सूप, पाटा-वरवंटा, बंडी, कणगी. प्रत्येकीवर तीन वाक्यं बोला: काय आहे, कशाची असते, कशासाठी लागते. लिहू नका, बोला. मित्राला ऐकवा, वस्तूचं नाव मात्र सांगू नका. त्याने नुसतं ऐकून वस्तू ओळखली तर वाक्यं बरोबर झाली. नाही ओळखली तर कुठे अडलं ते त्यालाच विचारा, ते वाक्य बदला आणि परत सांगा.